दूध भुकटीतील उपकारक सूक्ष्मजंतू

दुधाच्या किंवा निवळीच्या कोरड्या भुकटीत लॅक्टिक अम्ल निर्माण करणारे आणि आतड्याला हितकर मानले गेलेले सूक्ष्मजंतू जिवंत राखण्याच्या प्रयत्नांचा इतिहास सु. सव्वाशे वर्षांचा आहे. या जंतूंना आज प्रोबायोटिक असे म्हणतात. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ञांनी २००१ मध्ये अर्जेंटिनातील कॉर्दोबा येथे केलेल्या व्याख्येनुसार पुरेशा प्रमाणात दिले असता यजमानाच्या आरोग्यास लाभदायक ठरणारे सजीव सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिके होत. या व्याख्येतील ‘सजीव’ आणि ‘पुरेशा प्रमाणात’ हे दोन शब्द भुकटीच्या बाबतीत फार अवघड ठरले आहेत. पाणी काढून घेतल्याशिवाय दूध टिकत नाही आणि पाण्याशिवाय जंतू वाढत नाहीत. तेव्हा जंतूला न मारता केवळ थांबवून ठेवणे, हा या विषयाचा गाभा होय. संशोधकांचे लक्ष प्रथम वाळवण्याच्या यंत्राकडे लागले. वाळल्यानंतर बंद पुडीत महिनोन्‌महिने चालणारा जंतूंचा ऱ्हास हा अधिक मोठा प्रश्न आहे, हे त्यांच्या ध्यानी बऱ्याच उशिरा आले.

जुन्या रीती : घरोघरी विरजण जिवंत राहते ते साठवणीमुळे नव्हे, तर रोजच्या नूतनीकरणामुळे. कालच्या दह्याचा चमचाभर भाग आजच्या दुधात पडतो आणि जंतूंच्या पिढ्या पुढे चालू राहतात. हा क्रम तुटला की शेजारून विरजण मागून आणावे लागते किंवा मिरचीच्या देठासारखे उपाय करावे लागतात. ज्या पशुपालक समाजांना सतत स्थलांतर करावे लागे, त्यांच्यात दह्यात बुडविलेले कापड वाळवून ठेवण्याची व पुढे त्याचा तुकडा कोमट दुधात टाकून दही लावण्याची रीत होती. मध्य आशियातील कुरुत म्हणजे वाळविलेल्या दह्याच्या गोळ्या आणि पश्चिम आशियातील दही व गहू एकत्र वाळवून केलेले किश्क हे पदार्थही जुने आहेत. मात्र त्यांचा हेतू अन्न टिकविणे हा होता. त्यांत जंतू जिवंत राहिले तर तो योगायोग होय.

शुद्ध विरजण आणि पहिल्या गोळ्या : लोण्यासाठी साय आंबविण्याकरिता निवडक जंतूंचे शुद्ध संवर्धन वापरण्यास १८९० च्या सुमारास डेन्मार्कमध्ये व्हिल्हेल्म स्टॉर्क यांनी व जर्मनीत कील येथे हेर्मान व्हाइगमान यांनी प्रारंभ केला. अशी संवर्धने दूरच्या दुग्धालयांना पुरवावयाची, तर ती वाटेत टिकली पाहिजेत. द्रव विरजण काही दिवसांतच स्वतःच्या अम्लाने निकामी होई. म्हणून ते दुग्धशर्करा किंवा स्टार्च यांत मिसळून मंद उष्णतेवर वाळवून विकण्याची प्रथा पडली. या भुकट्या चालत, पण विश्वासार्ह नव्हत्या. त्यांतील जंतू सुस्त असत, त्यामुळे दुधाचे दही नीट लागण्यापूर्वी ते विरजण दोनतीन वेळा दुधात वाढवून घ्यावे लागे. दुग्धालयाला हे परवडत असे. थोडे जंतू जिवंत असले, तरी दुधात त्यांची संख्या पुन्हा वाढविता येते.

मनुष्याने सरळ खावयाच्या भुकटीची गोष्ट वेगळी होती. आंरी तिस्ये यांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत १८९९ मध्ये स्तनपान करणाऱ्या अर्भकांच्या विष्ठेतून द्विशाखी बिफिडस जंतू वेगळा केला. जिनीव्हा येथे शिकत असलेल्या स्तामेन ग्रिगोरॉव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने १९०५ मध्ये आपल्या देशातील दह्यातील दंडाकार जंतूचे वर्णन केले. त्याला आज लॅक्टोबॅसिलस डेलब्रुकी या जातीचा बल्गेरिकस उपप्रकार असे नाव आहे. पाश्चर संस्थेतीलच ईल्या मेच्निकॉव्ह (१८४५–१९१६) यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वार्धक्याचा संबंध मोठ्या आतड्यातील कुजण्याच्या क्रियेशी जोडला आणि आंबट दुधातील जंतूंची शिफारस केली. पुढच्याच वर्षी त्यांना पाउल एर्लिक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. ते प्रतिरक्षाविषयक कार्याबद्दल होते, पण त्यामुळे दह्याच्या कीर्तीतही भर पडली. युरोप-अमेरिकेतील औषधालयांत बल्गेरियन जंतूच्या गोळ्या व भुकट्या विक्रीस आल्या. त्यांतील पुष्कळ गोळ्यांत जिवंत जंतू जवळजवळ नसतच. दुग्धालयात निकामी विरजण त्याच दिवशी ओळखू येते, कारण दही लागत नाही. रुग्णाच्या पोटात मेलेली गोळी गेली, तर ते कोणालाच कळत नाही. या विषयातील फसवणुकीचे व आत्मवंचनेचे मूळ या साध्या भेदात आहे.

येल विद्यापीठातील लिओ रेटगर व हॅरी चेप्लिन यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बल्गेरियन जंतू आतड्यात ठाव धरीत नाही, ॲसिडोफिलस जंतू मात्र मोठ्या संख्येने दिल्यास धरतो, असे दाखविले. यामुळे जिवंत जंतूंच्या संख्येला प्रथमच प्रायोगिक महत्त्व आले.

गोठण-शुष्कीकरण : पदार्थ आधी गोठवून मग निर्वातात ठेवला, तर त्यातील बर्फाचे पाणी न होता सरळ बाष्प होते. या संप्लवनाने पदार्थ वाळविण्याचा प्रयोग पॅरिस येथे फ्रेदेरिक बोर्दा व आर्सेन दार्सोंव्हाल यांनी १९०६ मध्ये केला. अमेरिकेत लिओन शॅकेल यांनी १९०९ मध्ये स्वतंत्रपणे हीच रीत रक्तरस व अलर्काचे विष यांसाठी वापरली. बी. डब्ल्यू. हॅमर यांनी १९११ मध्ये ती सूक्ष्मजंतूंना लावून पाहिली. अमेरिकेच्या कृषी खात्यातील दुग्धसूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ लोअर रॉजर्स यांनी १९१४ मध्ये वाळविलेल्या संवर्धनांवरील आपला निबंध प्रसिद्ध केला. दुग्धव्यवसायासाठी लॅक्टिक जंतू गोठवून वाळविण्याचे पद्धतशीर काम येथून सुरू झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि ही रीत बराच काळ प्रयोगशाळेतच राहिली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील अर्ल फ्लॉसडॉर्फ व स्टुअर्ट मड यांनी १९३५ मध्ये वापरण्यास सुटसुटीत असे उपकरण तयार केले. वाळलेला पदार्थ पाणी घालताच झटकन विरघळतो, या गुणावरून त्यांनी त्याला ‘लायोफाइल’ हे विशेषण दिले. दुसऱ्या महायुद्धात रक्तद्रव आणि पेनिसिलीन यांच्यासाठी या पद्धतीची मोठी यंत्रे उभी राहिली. युद्धानंतर ती इतर कामांस मोकळी झाली.

गोठण-शुष्कीकरण सौम्य समजले जाते, पण जंतूच्या दृष्टीने त्यात दोन संकटे एकामागून एक येतात. कोशिकेबाहेरील पाणी गोठू लागले की उरलेल्या द्रवातील क्षारांची संहती वाढत जाते आणि कोशिकेतील पाणी बाहेर ओढले जाते. त्यानंतर निर्वातात उरलेसुरले बद्ध पाणीही जाते व कोशिकेचे पातळ पटल कोलमडू लागते. लांब दंडाकार लॅक्टोबॅसिलस जंतूंची हानी लहान गोल जंतूंपेक्षा सामान्यतः अधिक होते. या हानीपासून बचाव करणाऱ्या द्रव्यांचा शोध युद्धोत्तर काळात जोराने चालला. इंग्लंडमधील रॉबर्ट फ्राय व रॉनल्ड ग्रीव्ह्ज यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात रक्तरस, पोषक रस्सा व ७·५ टक्के ग्लुकोज यांचे मिश्रण उपयोगी ठरल्याचे दाखविले. ग्लुकोज थोडे पाणी धरून ठेवते आणि ते थोडे पाणी असणे इष्ट आहे, अगदी ठणठणीत वाळविणेही जंतूंस बाधते, असे त्यांचे म्हणणे होते. जितके कोरडे तितके चांगले, या समजुतीला यामुळे धक्का बसला.

दुग्धव्यवसायात अशा मिश्रणाची गरज भासली नाही, कारण मलईरहित दूध हेच उत्तम संरक्षक द्रव्य निघाले. त्यातील प्रथिने कोशिकेभोवती आवरण करतात आणि दुग्धशर्करा पाण्याची जागा घेते. या दुसऱ्या गोष्टीचा उलगडा पुढे १९८० नंतर झाला. आज गोठवून वाळविलेल्या घट्ट संवर्धनांत एका ग्रॅममध्ये १०० अब्जांपर्यंत जंतू असतात. दुग्धालयात ते सरळ दुधाच्या टाकीत टाकता येत असल्याने विरजण वाढवीत बसण्याचे काम संपले. भारतात कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेने दुग्धोपयोगी जंतूंचा संग्रह राखला असून अशी वाळविलेली संवर्धने तेथून पुरविली जातात.

फवारा शुष्कीकरण : गोठण-शुष्कीकरणात एक घाणा वाळण्यास एकदोन दिवस लागतात व खर्च कित्येक पट येतो. टनावारी दूध भुकटी करणाऱ्या कारखान्याजवळ मात्र फवाऱ्याचे यंत्र आधीपासूनच उभे असते. द्रवाचा फवारा उडवून वाळविण्याचे एकस्व अमेरिकेतील सॅम्युएल पर्सी यांनी १८७२ मध्ये घेतले होते. जर्मनीतील रोबेर्ट श्टाउफ यांच्या १९०१ च्या एकस्वानंतर न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूस येथील मेरेल-सूल कंपनीने दूध भुकटीचे मोठे उत्पादन सुरू केले. वेगाने फिरणाऱ्या तबकडीने दुधाचा फवारा करणारे यंत्र डॅनिश अभियंता योहान अर्न्स्ट न्यूरोप यांनी १९३३ च्या सुमारास प्रचारात आणले. म्हशीच्या दुधाची अशी भुकटी होणार नाही, असे परदेशी तज्ञ म्हणत असता हरिचंद मेघा दलाया यांनी ती करून दाखविली. ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी आणंद येथील खेडा जिल्हा सहकारी संघाच्या दुग्धालयाचे उद्‌घाटन पंडित नेहरू यांच्या हस्ते झाले, तेव्हापासून भारतात या उद्योगाने मूळ धरले. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून शिशुआहाराची जी रीत बसविली, तिचे उत्पादनही येथेच झाले.

फवाऱ्याच्या यंत्रात १७०° ते २००° से. तापमानाची हवा शिरते. हा आकडा ऐकून यात कोणताही जंतू वाचणार नाही असे वाटते. पण थेंबातील पाण्याचे बाष्प होत असते तोवर थेंब स्वतः थंड राहतो. मातीच्या माठातील पाणी उन्हाळ्यात गार राहते, तेच हे तत्त्व. त्यामुळे पहिल्या काही क्षणांत थेंबाचे तापमान साधारणपणे ४५°–५०° से. च्या आसपास असते. पाणी संपत आले की कण तापू लागतो आणि यंत्रातून बाहेर पडणाऱ्या हवेच्या तापमानाजवळ येतो. म्हणजे आत येणाऱ्या हवेपेक्षा बाहेर जाणाऱ्या हवेचे तापमान निर्णायक आहे.

येथेच पेच उभा राहतो. बाहेरची हवा ७०° से. च्या खाली ठेवली, तर जंतू पुष्कळ वाचतात, पण भुकटीत ओलावा जास्त राहतो व ते पुढे पुडीत मरतात. ओलावा ४ टक्क्यांच्या आत आणण्यासाठी हवा ८५°–९०° से. ला नेली, तर भुकटी टिकाऊ होते आणि जंतू यंत्रातच मरतात. या पेचातून पूर्ण सुटका अद्याप झालेली नाही. कमी तापमानावर अर्धवट वाळवून उरलेला ओलावा कोमट हवेच्या झोतावर तरंगत्या भुकटीतून सावकाश काढणे, हा त्यावरील आजचा व्यवहार्य तोडगा होय.

आयर्लंडमध्ये कॉर्क परगण्यातील मूरपार्क येथील दुग्धसंशोधन केंद्रात या प्रश्नावर सलग काम झाले. तेथील संशोधकांनी २००० मध्ये मानवी आतड्यातून मिळविलेले दोन जंतू २० टक्के मलईरहित दुधात मिसळून फवाऱ्याने वाळविले. बाहेरच्या हवेचे तापमान ८०°–८५° से. असता लॅक्टोबॅसिलस पॅराकेसीच्या एका वाणाचे जवळजवळ निम्मे जंतू वाचले, पण लॅक्टोबॅसिलस सॅलिव्हॅरियसच्या दुसऱ्या वाणातील फारच थोडे उरले. यंत्र, दूध व तापमान तेच असताना एवढा फरक पडला. (या दोन्ही जातींना २०२० च्या पुनर्वर्गीकरणात नव्या प्रजाती मिळाल्या असून त्या आता अनुक्रमे लॅक्टिकेसीबॅसिलस व लिगिलॅक्टोबॅसिलस या नावांखाली येतात.) आतड्यावरील परिणामासाठी निवडलेला वाण भुकटीत टिकेलच असे नाही, ही अडचण यामुळे उघड झाली. उलट, सहज वाळतो म्हणून निवडलेला वाण उपयोगी असेलच असेही नाही. बाजारातील निवड मात्र बहुधा दुसऱ्या निकषाने होत आली आहे, हे नमूद केले पाहिजे.

याच गटाने पुढे दाखविले, की वाळविण्यापूर्वी जंतूंना १५ मिनिटे ५२° से. तापमान सोसावयास लावले, तर त्यांची तग धरण्याची शक्ती कित्येक पटींनी वाढते. सौम्य चटका बसताच कोशिका प्रथिनांची घडी सावरणारी काही विशेष प्रथिने तयार करते आणि खऱ्या संकटात ती उपयोगी पडतात. वाढीचा वेग मंदावून स्थिर झालेल्या अवस्थेतील जंतू भर वाढीत असलेल्या जंतूंपेक्षा चिवट असतात, याचे कारणही असेच आहे. बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक दुधात मिसळल्याने वाचणाऱ्या जंतूंची संख्या सु. दहापट झाल्याचे त्यांनी २००२ मध्ये नोंदविले. फ्रान्समध्ये रेन येथील संशोधकांनी २०१६ मध्ये वेगळी वाट काढली. चीज करताना मागे राहणारी निवळी आटवून त्या घट्ट द्रवातच त्यांनी जंतू वाढविले व तोच द्रव जसाच्या तसा फवाऱ्याने वाळविला. घट्ट द्रवातील ताणामुळे जंतू आपोआप कणखर होतात आणि ते वेगळे काढून पुन्हा दुधात मिसळण्याची पायरी वाचते.

कोरडेपणातील जीवन : पाणी गेल्यावर जीव कोणत्या अर्थाने शिल्लक राहतो, हा प्रश्न दुग्धव्यवसायाहून पुष्कळ जुना आहे. आंतोनी व्हान लेव्हेनहूक यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी पन्हळीतील वाळलेल्या गाळात पाणी घालून त्यातील सूक्ष्म प्राणी पुन्हा हालू लागल्याचे पाहिले होते. डेव्हिड कीलिन यांनी १९५९ मध्ये लेव्हेनहूक यांच्याच नावाने भरणाऱ्या व्याख्यानात या अवस्थेचा सविस्तर परामर्श घेतला व तिला ‘क्रिप्टोबायोसिस’ म्हणजे गुप्तजीवन हे नाव दिले. त्यांच्या मते यात चयापचय जवळजवळ पूर्ण थांबतो, टिकून राहते ती केवळ रचना. रचना शाबूत असेल तर पाणी मिळताच जीवनव्यापार पुन्हा सुरू होतो.

ही रचना कशी टिकते याचा खुलासा कॅलिफोर्निया विद्यापीठातील जॉन व लोइस क्रो यांनी १९८४ मध्ये केला. कोशिकेच्या पटलातील स्निग्ध रेणूंच्या डोक्यांमध्ये पाण्याचे रेणू असतात व ते डोकी एकमेकांपासून दूर ठेवतात. पाणी गेले की ती जवळ येतात, पटल आखडते आणि पुन्हा पाणी मिळताना ते गळू लागते. ट्रेहॅलोज ही शर्करा उपस्थित असल्यास तिचे रेणू पाण्याची जागा घेतात व पटलाची ठेवण बिघडत नाही. वाळवंटी वनस्पती, किण्व व काही सूक्ष्म प्राणी कोरड्या काळासाठी ही शर्करा साठवितात. दुग्धशर्करा हेच काम काहीशा कमी प्रतीने करते. दुधाचे संरक्षक गुण अनुभवाने ठाऊक होते, त्यांना आता कारण मिळाले.

दुसरा खुलासा काचेच्या उपमेने करता येतो. ताज्या दूध भुकटीतील दुग्धशर्करा स्फटिकरूप नसून काचेसारखी असते, हे अमेरिकेतील ट्रॉय व शार्प यांच्या १९३० च्या कामापासून माहीत होते. काचेत रेणूंची हालचाल इतकी मंद होते, की बिघाड घडविणाऱ्या विक्रियाही जवळजवळ थांबतात. जंतू जणू या काचेत बसविलेला असतो. पूर्ण कोरडी दुग्धशर्करा सु. १००° से. पर्यंत काचरूप राहते, पण ओलावा वाढत जाईल तसे हे तापमान झपाट्याने उतरते. सु. ६–७ टक्के ओलाव्याला ते खोलीच्या तापमानावर येते. मग शर्करा मऊ व चिकट होऊन तिचे स्फटिक बनू लागतात. स्फटिक बनताना ती धरून ठेवलेले पाणी बाहेर टाकते, त्यामुळे शेजारचा भाग आणखी ओला होतो. कोकणात पावसाळ्यात दूध भुकटीचा उघडा डबा आठवडाभर राहिला की तिच्या गुठळ्या होतात, तो हाच प्रकार. गुठळ्या फोडून ती भुकटी चहाला चालते, पण तीत जंतू असतील तर ते बहुतांशी संपलेले असतात.

पुडीतील मरण : शुष्क संवर्धने ऑक्सिजनच्या संपर्कात लवकर मरतात. गोठवून वाळविलेल्या जंतूंवरील ऑक्सिजनच्या घातक परिणामाचा अभ्यास लायन व बर्गमान यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केला. पोर्तुगालमधील संशोधकांनी १९९६ मध्ये फवाऱ्याने वाळविलेल्या बल्गेरिकस जंतूच्या पटलातील स्निग्ध द्रव्यांचे साठवणीत ऑक्सिडीकरण होत असल्याचा पुरावा दिला. तेल खवट होते तशीच ही क्रिया आहे. याशिवाय दुग्धशर्करा प्रथिनांशी सावकाश संयोग पावते व भुकटी तपकिरी होत जाते. म्हणजे जी शर्करा वाळविताना जंतूला तारते, तीच दीर्घ साठवणीत त्याला बाधक ठरू शकते. साखर व ट्रेहॅलोज यांना हा दोष नाही.

हा ऱ्हास दर महिन्याला ठराविक प्रमाणात होतो असे धरले, तर त्याचा हिशेब सोपा आहे. महिन्याला शंभरातील ९० जंतू उरत असतील, तर वर्षअखेर मूळ संख्येच्या सु. २८ टक्के उरतात. महिन्याला ७० उरत असतील, तर वर्षाने १·४ टक्केच राहतात. पहिल्या महिन्यात डोळ्यांत न भरणारा फरक वर्षाने वीसपट होतो. हा दर तापमानाबरोबर वाढत असल्याने शीतगृहात दोन वर्षे टिकणारी भुकटी मे महिन्यात विदर्भातील दुकानाच्या फळीवर काही आठवड्यांतच निष्प्रभ होऊ शकते. उत्पादक यावर उपाय म्हणून आरंभीच कित्येक पट अधिक जंतू भरतात. ॲल्युमिनियमचे आवरण, पुडीत नायट्रोजन व ओलावा शोषणारी पदार्थपुडी यांमुळेही फरक पडतो, परंतु ग्राहकाने पुडी उघडली की हे संरक्षण संपते.

भारतातील २०१६ च्या नियमांनुसार प्रोबायोटिक अन्नात दिवसाच्या शिफारस केलेल्या मात्रेत सर्वसाधारणपणे किमान १० कोटी जिवंत जंतू असावे लागतात. हा आकडा भरण्याच्या दिवशीचा न धरता मुदत संपण्याच्या दिवशीचा धरणे न्याय्य होय. त्यातही ‘जिवंत’ कशाला म्हणावे, हा वाद आहे. पोषक थरावर वसाहत करणारा जंतू जिवंत, ही जुनी कसोटी. वाळवणीने घायाळ झालेले काही जंतू वसाहत करीत नाहीत, पण त्यांचे पटल अखंड असते. विशिष्ट रंगद्रव्ये देऊन जंतू एकेक करून मोजण्याच्या पद्धतीला २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक मिळाले. या दोन मोजण्यांचे आकडे पुष्कळदा जुळत नाहीत आणि मोठा आकडा छापण्याचा मोह होतो.

एक आडवाट येथे सांगितली पाहिजे. बीजाणू धारण करणारा बॅसिलस कोॲग्युलन्स हा जंतू निसर्गतःच कोरडेपणा व उष्णता सोसतो. भारतीय औषधालयांत तो ‘लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनिस’ या चुकीच्या नावाने अनेक दशके विकला गेला. नाव चुकीचे असले, तरी पुडीत तो खरोखर जिवंत असे. लॅक्टोबॅसिलस व बिफिडस जंतूंना मात्र बीजाणू नाहीत.

शिशुआहारातील विरोध : या विषयातील सर्वांत गंभीर प्रश्न अर्भकांच्या भुकटीत उभा राहतो. दूध भुकटी निर्जंतुक नसते. १९६५-६६ मध्ये अमेरिकेत मलईरहित दुधाच्या भुकटीतून साल्मोनेला जंतूंचा प्रादुर्भाव झाला होता. क्रोनोबॅक्टर साकाझाकी हा नवजात अर्भकांत मेंदूच्या आवरणाचा घातक दाह करणारा जंतू कोरड्या शिशुआहारात दोन वर्षांहूनही अधिक काळ टिकतो. उपकारक जंतू जगावा म्हणून जे खटाटोप करावे लागतात, त्यांतील एकही न करता हा घातक जंतू जगतो. त्याच्या बंदोबस्तासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये अर्भकांची भुकटी किमान ७०° से. तापमानाच्या पाण्यात कालवून मग थंड करावी, अशी मार्गदर्शक सूचना दिली. हे पाणी क्रोनोबॅक्टरला मारते आणि भुकटीत मुद्दाम घातलेल्या बिफिडस जंतूंनाही मारते. त्यामुळे जंतुयुक्त शिशुआहाराच्या डब्यांवर सामान्यतः कोमट पाणी वापरण्यास सांगितलेले असते. म्हणजे एकाच भुकटीसंबंधी आईला दोन परस्परविरोधी सूचना मिळतात. निरोगी, पूर्ण दिवसांच्या बालकाच्या बाबतीत हा प्रश्न सौम्य असला, तरी अपुऱ्या दिवसांच्या बालकाच्या बाबतीत पाण्याच्या तापमानाची निवड त्याच्या जीविताशी निगडित ठरू शकते.

दुसऱ्या बाजूला ओडिशातील ग्रामीण भागात ४,५५६ नवजात बालकांवर केलेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम जंतू एका शर्करायुक्त पोषकासह आठवडाभर देण्यात आला. जंतुदोष किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण दोन महिन्यांत ९ टक्क्यांवरून ५·४ टक्क्यांवर आले. या चाचणीतील मात्रा वाळविलेल्या जंतूंच्या भुकटीची होती. ती दुधाची नव्हती. कुपीतील भुकटी द्रवात मिसळून ती बालकांच्या तोंडात घालण्यात आली. त्या द्रवात ७०° से. चे पाणी वापरावे लागले नाही, कारण भुकटीत बालकाचे अन्न नव्हते, केवळ जंतू व त्यांचे पोषक होते. शिशुआहाराच्या डब्यात अन्न आणि जंतू एकत्र भरण्याऐवजी जंतूंची वेगळी मात्रा देण्याकडे काही बालरोगतज्ञांचा कल झुकला आहे. त्यांत ही सोय हेही एक कारण आहे.